हँडलवर जीपीएस: कसं बसवलंत, काय टिकलं?

घाटवेडा
गॅरेजबाहेर एक हिमालयन बाइक उभी होती. हँडलवर जीपीएस, होल्डरला आधार केबल टायचा. टाकीवरच्या बॅगेत घडी घातलेला नकाशा असायचा ते दिवस आठवले. पाऊस ओसरतोय, गाड्या बाहेर निघतील, म्हणून हा धागा. नुसतं "मस्त आहे" नको, मापं आणि कारणं लिहा.

सुरुवात करतो. आधी दांड्याची जाडी व्हर्नियरने मोजा. साधा दांडा २२ मिमी. जाड ॲल्युमिनियमचा निमुळता दांडा मधे २८.६, पण ग्रिपकडे तोही २२. क्रूझरला काही ठिकाणी २५.४. मोठा क्लॅम्प बारीक दांड्यावर रबराच्या तीन-चार घड्या घालून बसवला की रबर दबत जातं आणि होल्डर आपोआप खाली झुकतो. पातळ पट्टी एकच, सायकलच्या जुन्या ट्यूबची चालते. यू-बोल्टचे दोन्ही नट आळीपाळीने, अर्धा अर्धा फेरा. एक बाजू आधी पूर्ण आवळली तर बेस तिरका बसतो.

क्लच_वायर
जागा डावीकडे, स्टेमच्या (हँडल मधे जिथे गाडीला जोडलेलं असतं तिथल्या) जितकी जवळ तितकी चांगली. उजवा हात ॲक्सिलरेटरवर, स्क्रीनला हात लावायचा तो डाव्यानेच, तोही गाडी थांबवून. ग्रिपकडे सरकाल तशी थरथर वाढते. आणि बोल्ट शेवटचा आवळायच्या आधी हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवा: टाकीला टेकतंय का, क्लचची केबल दबतेय का, स्पीडोमीटर झाकला जातोय का.

वाटसरू
होल्डर विकत घेताना मागची चार भोकं बघा. ३० बाय ३८ मिमी हे एम्प्स माप असलं की गार्मिनपासून बहुतेक कंपन्यांचे पाळणे (जीपीएस ज्यात अडकवतात ते) त्यावर बसतात. होल्डर वळवायचा बॉलजॉइंटचा गोळा १ इंची पुरतो.

तपकीरगल्ली
वायरिंगवर लिहितो, कारण गडबड इथेच होते.

चावी फिरवल्यावर १२ व्होल्ट आणि चावी काढल्यावर शून्य, अशी वायर मल्टिमीटरने शोधा. बऱ्याच गाड्यांत हॉर्नच्या एका टोकाला ती मिळते. फ्यूज प्लसच्या वायरीत, जिथून वीज घेतली तिथून वीतभर अंतरात. फ्यूज यंत्रासाठी नसतो, वायर जळू नये म्हणून असतो. नुसत्या जीपीएसला २ अँपिअर, १८ वॉटचा फोन चार्जर असेल तर ३. वायर १८ किंवा २० गेजची.

वायरीला टोचून बसणारे क्लिप कनेक्टर नकोत. पातीने आतल्या तारा कापल्या जातात, पावसाचं पाणी शिरतं, आतून हिरवी पडते. नुसतं सोल्डरही नको, थरथरीने जोडाच्या कडेलाच तार तुटते. क्रिंप करा (पक्कडीने दाबून जोडा), वर हीट श्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी) चढवा. स्टेमपाशी वायरीला थोडा ढील ठेवा.

पहिलीबुलेट
पण थेट बॅटरीला जोडलं तर काय होतं? मेकॅनिक म्हणतो चालेल.

तपकीरगल्ली
@पहिलीबुलेट रोज फिरवणार असाल तर चालेल. यूएसबी सॉकेट फोन लावलेला नसतानाही थोडी वीज खातो. १० मिलिअँपिअर धरा, दिवसाला ०.२४ अँपिअर-तास. ८ अँपिअर-तासाची बॅटरी महिन्याभरात संपत येते, सेल्फ त्याच्या बराच आधी हात टेकतो. गावी जाणार असाल तर फ्यूज काढून ठेवा.

पहिलीबुलेट
धन्यवाद दादा 🙏 दिवाळीत महिनाभर गाडी उभीच असते.

निळीटाकी
नटांना निळं थ्रेडलॉकर (नट सैल होऊ न देणारं द्रव) लावा, पण फक्त धातूच्या आट्यांना. पॉलीकार्बोनेटच्या होल्डरवर ओघळलं की बारीक तडे जातात आणि एखाद्या खड्ड्यात तो कानच तुटून येतो. प्लॅस्टिकला नायलॉन लॉकनट बरा.

नागपूरकर
आमच्याकडे मे महिन्यात वॉटरप्रूफ पाऊचमधला फोन अर्ध्या तासात स्क्रीन मंद करतो, मग चार्जिंग थांबवतो. पाऊच काढा, उघड्या जबड्याचा होल्डर लावा, वारा लागू द्या. वायरलेस चार्जिंगने आणखी तापतो. पावसात तोच फोन खिशात, हँडलवर जीपीएसच हवा. गार्मिनचा झूमो एक्सटी आयपीएक्स ७ (पाण्यात टिकणारा) आहे आणि हातमोज्यातही चालतो.

वाटसरू
त्यात ॲपलने सप्टेंबर २०२१ मध्ये स्वतःच कळवलंय की मोठ्या इंजिनाच्या थरथरीने आयफोनच्या कॅमेऱ्याचं स्टॅबिलायझेशन बिघडू शकतं. सिंगल सिलिंडरवाल्यांनी डँपर (थरथर शोषणारा जोड) लावाच.

सावलीतलीगाडी
पोलिसांनी अडवलं तर? नणंदेला त्यांनी विचारलं होतं, दंड झाला नाही पण वाद झाला.

घाटवेडा
ताई, १ ऑक्टोबर २०२० पासून केंद्रीय मोटार वाहन नियमांत रस्ता बघण्यापुरता वापर चालतो, लक्ष विचलित होत नसेल तर. फोन मात्र हातात नको, होल्डरवरच.

आणि ताम्हिणी, वरंधच्या बाजूला जाणार असाल तर नकाशा घरीच उतरवून घ्या. उपग्रह दिसतात, नेटवर्क नसतं. दरीत कड्यांवरून सिग्नल परावर्तित होतो, बाण रस्ता सोडून उडतो. तो माउंटचा दोष नाही.

क्लच_वायर
पुण्याच्या तपकीर गल्लीत हीट श्रिंक मीटरवर मिळतं का हो? की पाकीटच घ्यावं लागतं?

तपकीरगल्ली
मीटरवर मिळतं. ३ आणि ५ मिमी दोन्ही आणा.

स्कूटरवाली
स्कूटरचा दांडा प्लॅस्टिकने झाकलेला असतो, आरशाच्या बुडाशी लावू का?

निळीटाकी
लावा, १० मिमीच्या भोकाची पट्टी मागा. हलका फोन ठीक, जड जीपीएसने आरसाच सैल होतो. यामाहा असेल तर उजवा आरसा बहुतेक उलट्या आट्याचा, जोर लावण्याआधी बघा. आणि डावीकडेच लावा.