सिंधुदुर्गात वीकेंडला येऊन नुसती सुरमई थाळी आणि स्कूबा? मग बघितलं काय?

घाटावरचा_भटक्या (कोल्हापूर)

विषय जरा तापायचाच आहे, तापू दे. आमच्या कोल्हापूरची लोकं (पुण्यामुंबईची पण, तुम्ही काय वेगळे नाही) शनिवारी पहाटे गगनबावड्यानं नाहीतर फोंडा घाटानं खाली उतरतात, दुपारी मालवणात सुरमई थाळी, संध्याकाळी तारकर्ली, रविवारी सकाळी स्कूबा, होडी मिळाली तर किल्ला, येताना खाजा आणि काजू. आणि सोमवारी सगळ्यांना सांगायचं, कोकण केलं. अरे काय केलं? मालवण ते देवबाग एवढा एक रस्ता केला तुम्ही.

१९९७ साली हा जिल्हा पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला, त्याला आता पाव शतक उलटून गेलं, तरी निम्मी गर्दी एकाच किनाऱ्यावर एकमेकांच्या फोटोत. तिकडं कुडाळला लागून पिंगुळी आहे, ठाकर समाजाची चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या बाहुल्या सगळं तिथं एका अंगणात बघायला मिळतं, परशुराम गंगावणे यांना २०२१ ची पद्मश्री याच कामासाठी. मालवणहून तास पण लागत नाही. सावंतवाडीला मोती तलावाच्या काठाला राजवाडा, तिथं गंजिफा, म्हणजे जुने गोल पत्ते, हातानं रंगवतात. दशावतारी गंजिफा म्हणजे दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात बारा पानं, असा १२० गोल पानांचा जोड. हे बंद पडत आलेलं काम शिवरामराजे आणि सत्वशीलादेवी भोसल्यांनी परत उभं केलं. आणि आपली लोकं तिथं तलावापाशी गाडी थांबवून चहा पितात आणि गोव्याला सुटतात!

माझं म्हणणं एवढंच की दोन दिवसातला अर्धा दिवस हात चालवणाऱ्या माणसांसाठी ठेवा, आणि जेवायला मोठ्या बोर्डाच्या हॉटेलापेक्षा घरगुती खानावळीत जा, त्या दिवशी जे शिजलंय ते खावा. कवी आरती प्रभू मुंबईला जायच्या आधी कुडाळातच खानावळ चालवायचे, म्हणजे या मातीत जेवण आणि कविता एकाच घरातनं आलेत. बोला आता.

लॅपटॉपवाला_ठाणे

बोलतो. साहेब, तुमचं कोल्हापूर बाजूला आहे म्हणून तुम्हाला अर्धा दिवस वगैरे सुचतंय. ठाण्याहून मालवण पाचशे किलोमीटर आहे, ट्रेनचं बुकिंग उघडल्या उघडल्या वेटिंग, महामार्गाचं काम माझं लग्न व्हायच्या आधीपासून चालू आहे. एवढं सगळं करून मी पोचतो ते वाळूत आडवं पडायला. आठवडाभर मान मोडून काम केल्यावर मला कुणी सुट्टीचा अभ्यास देऊ नये.

आणि हे जे तुम्ही थाळी-स्कूबाला नावं ठेवताय ना, ती होडी चालवणारा कुठला आहे? स्कूबाचा पोरगा कुठला, रिक्षावाला कुठला? सगळे तिथलेच. माझे पैसे तिथेच गेले. मग बाहुल्या बघितल्या तरच ते पवित्र आणि होडीत बसलो तर पाप, असं कसं?

देवबागचो_होमस्टे

ठाणेकरांनू, शंभर टक्के बरोबर बोललास. भटक्यांका वाटता आमी वर्षभर पाहुणे मोजीत बसतो. जूनाक पाऊस लागलो की होडये वर, किल्लो बंद, स्कूबा बंद. जी काय कमाई ती दिवाळी ते मे. त्यातलेसुद्धा शनिवार-रविवारच खरे, मंगळवारी आमच्या अंगणात मांजरा झोपतत. वीकेंडवाल्यांका हसा नको, त्यांच्या पैशार माझ्या झिलाची फी जाता.

पण एक गोष्ट भटक्याची पटली ती जेवणाची. जुलैत एक फॅमिली इली, रूममधी बॅग ठेवच्या आधी विचारतत, "सुरमई फ्रेश आहे ना?" अरे बाबा, १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होडयांका मासेमारी बंद, माशांची पैदास होवची म्हणान. त्या दिवसात तुमका जी सुरमई कोण वाढता ती बर्फातली, आधी धरलेली. मी तसा सांगितलंय, म्हटलंय फणसाची भाजी, काळ्या वाटाण्याचा सांबारा नि आंबोळ्ये करतंय, खाडयेतलो मासो गावलो तर बघूया. तोंडा वाकडी. मगे ऑनलाइन एक स्टार, "फिश नव्हता". आता ह्येका काय म्हणायचा?

घाटावरचा_भटक्या (कोल्हापूर)

@ठाणे, पाप कुणी म्हटलं नाही. पण पैसा किनाऱ्याच्या एकाच छोट्या पट्ट्यात फिरतोय हे तर मान्य कराल? आणि अभ्यास कसला, पिंगुळीत बसल्या जागी माणूस मांडीवर चित्र उभं धरतो, एकेक पान सरकवत रामायण गातो, पाठीमागनं टाळ आणि हुडूक. तुमची पोरं मोबाइल खाली ठेवतील, पैज.

@होमस्टे, दादा, एक स्टारचं वाईट वाटलं. आंबोळी आणि काळा वाटाणा मिळत असेल तर मी भर पावसात येतो.

चितारआळीची_सून

मी सहसा अशा चर्चेत लिहीत नाही पण भटक्यांचं वाचून राहवलं नाही. अर्धा दिवस आमच्यासाठी ठेवा म्हणता, म्हणजे काय करा? आमच्या सासरी लाकडाचं काम तीन पिढ्या आहे, सावंतवाडीची ती रंगीत फळं, पाट, खेळणी. वीकेंडला लोक येतात, खूप गोड बोलतात, व्हिडिओ काढतात, ओल्या रंगाला बोट लावून "वा, हे हाताने करता?" विचारतात आणि किंमत ऐकली की "अहो, अशीच फळं ऑनलाइन निम्म्यात मिळतात" म्हणून निघून जातात. मिळतात ना, मशीनची आणि प्लास्टिकची. तुम्ही येऊन बघितल्याने माझा चहा-साखरेचा खर्च वाढतो, बाकी काही होत नाही.

गंजिफाचंही तेच. लोकांना वाटतं पत्तेच तर आहेत. जुन्या पद्धतीत कापडाला चिंचोक्याची खळ लावून थर चढवायचे, वाळवायचे, घोटायचे, मग गोल कापून रंग, त्यावर लाख. आता बहुतेक कागदावर होतं तरी चित्र हातानेच. मत्स्याची शेपटी जरा जाड आली की ते पान बाजूला. मग १२० पानांचा जोड हजारांतच जाणार ना? त्यावर "काही कमी?" बघायला येऊच नका असं नाही म्हणत मी. घ्यायला या. घ्यायचं नसेल तर खुशाल तारकर्लीला पडून राहा, ठाणेकर निदान खरं तरी बोलतायत.

घाटावरचा_भटक्या (कोल्हापूर)

ताई, हे बोललात ते बरं झालं, घासाघीस करणाऱ्यांबद्दल मी पण तुमच्याच बाजूचा. पण बघितल्याशिवाय घेणार कसं? पहिल्यांदा येणाऱ्याला गंजिफा म्हणजे काय हेच माहीत नसतं. दिवसा खेळताना राम ज्याच्या हातात त्यानं सुरुवात करायची आणि रात्री कृष्ण, हे मला राजवाड्यात ऐकल्यावर कळलं आणि तिथंच मी गुंतलो. नुसतं दुकानात मांडून ठेवलं असतं तर मी पण चहा पिऊन गेलो असतो. मला राग वेगळ्याचा आहे, आता त्या दशावतारांची कीचेन आणि चहाच्या कपाखाली ठेवायच्या चकत्या करून विकतात. वराह अवतारावर कटिंग चहा ठेवायचा? ही कला वाचवणं झालं का संपवणं?

चितारआळीची_सून

त्या चकत्यांवर आमचं लाइट बिल भरतं हो. अख्खा जोड घेणारा शौकीन कधीमधी येतो, चकत्या दर शनिवारी जातात. आणि त्या रंगवता रंगवताच नवीन मुलींचा हात बसतो, थेट १२० पानांवर कुणाला बसवत नाहीत. तुम्हाला शुद्ध हवं असेल तर पूर्ण जोडाची ऑर्डर द्या, ॲडव्हान्ससकट. मग बोलू वराहाबद्दल 🙂

लॅपटॉपवाला_ठाणे

😂😂 भटक्या, दे उत्तर.

रापणकर

तुमचो सगळ्यांचो वाद वाचलंय. थाळी थाळी चल्लीहा म्हणान सांगतंय. पर्यटकाक मासे किती म्हायत? सुरमई, पापलेट, कोळंबी, हलवो, संपलो विषय. आमच्या रापणीक, म्हणजे किनाऱ्यार वडतत त्या जाळ्याक, काय गावता? बांगडो, तारली, पेडवे, कधी कायच नाय, नुसती शेवाळ. ता हॉटेलवालो बोर्डार लावना नाय कारण कोण मागना नाय. सुरमई मागतत म्हणान सुरमयेचो भाव असो चढलो की मालवणचो साधो माणूस आता ती पाहुणे इले तरच घेता. आणि एवढी सुरमई येता खयसून? आमचो मुद्दो तोच. पर्ससीन जाळी नि एलईडी दिवे लावन रातीचो दर्या खरवडतत, एलईडीर २०१७ पासून बंदी असा तरी उजेड दिसता तो दिसताच. बंदी कागदार.

तेव्हा कलाकारांका बघा की स्कूबा करा ता तुमचा तुमी ठरवा. पण जेवक बसलास तर बांगड्याचा तिखला मागा. तेल कमी, ओला खोबरा, सुकी मिरची, सोलां, आणि शेवटाक तिरफळा ठेचून. घरातल्यासारख्या झाला तर बोटा चाटशात. आणि सुरमयेपेक्षा कितीतरी स्वस्त.

पर्वरीकर

एकच सांगतो, गोवा करू नका रे सिंधुदुर्गाचं. आमच्याकडे काय झालंय ते बघताय ना.

वेंगुर्लेकर_बेळगावात

कोकणावर कुणी काही लिहिलं की गोव्यातून एक जण येऊन हे वाक्य टाकतोच. नक्की काय करू नका ते लिहा की राव. रस्ते करू नका, की हॉटेलं करू नका, की पिऊन काचा फोडू नका?

मूळ मुद्द्यावर, भटक्यांचा वीकेंडचा हिशेबच मला पटत नाही. आमच्याकडची सगळ्यात मोठी कला दशावतार, आणि ती शनिवार बघत नाही. जत्रा तिथीप्रमाणे, त्या गावाच्या देवाप्रमाणे. कार्तिकातल्या जत्रांपासून सुरू होतं ते उन्हाळ्यापर्यंत, रोज वेगळं गाव. नट स्वतःच तोंड रंगवतो, समोर आरसा आणि रंगाचा डबा, मागे पेटारा. संहिता नाही, आख्यान काय करायचं ते ठरतं आणि संवाद तिथल्या तिथे जुळवतात, पेटी-मृदंगाची साथ, पहाट झाली की संपलं. हे बघायचं तर मंगळवारी रात्री एक वाजता थंडीत गोणपाट टाकून बसायला हवं, मध्ये उठून भजी खायची, परत बसायचं. वीकेंडवाल्याला हे मिळत नाही म्हणून आता रिसॉर्टवर वीस मिनिटांचा दशावतार ठेवतात. संकासुर नाचला, दोन तलवारी फिरल्या, टाळ्या, चला बुफेला. असं बघण्यापेक्षा न बघितलेलं बरं.

चितारआळीची_सून

वीस मिनिटांचे पैसे त्या पोरांना रोख मिळतात दादा, आणि तेच पोरगं त्याच रात्री जत्रेत पूर्ण नाटक पण करतं. जत्रेचं मानधन किती असतं ते दशावताराच्या नाटक कंपनीतल्या एखाद्याला विचारा आणि मग बुफेला हसा. बेळगावात बसून शुद्धता सांगायला सोपी.

वेंगुर्लेकर_बेळगावात

बेळगावात पोटासाठी आलोय, हौसेने नाही. मानधनाचं मान्य, ते फारच कमी आहे. पण मग मानधन वाढवायला गावाने, देवस्थानाने, आम्ही बाहेर राहणाऱ्यांनी वर्गणी वाढवावी. त्यासाठी नाटक कापून वीस मिनिटांचं करायचं, हा उपाय मला नाही पटत आणि पटणारही नाही. चकत्या रंगवून हात बसतो म्हणता ते ठीक आहे, पण वीस मिनिटं नाचून आख्यान बोलायला येत नाही. ते रात्र रात्र उभं राहून, जुन्या नटासमोर शब्द अडकून, लोक हसून, मग येतं.

घाटावरचा_भटक्या (कोल्हापूर)

वेंगुर्लेकर, या एका गोष्टीवर मी तुमच्याबरोबर. बाकी माझं तेच म्हणणं आहे, गर्दी किनाऱ्यावरनं थोडी आत वळवा. रापणकर दादांचं ऐकून त्यात एक वाढवतो, हॉटेलात बसल्यावर "आज काय आलंय" एवढं विचारा, माशाचं नाव आपण सांगायचं नाही. आंबोलीनं उतरणाऱ्यांना तर सावंतवाडी वाटेतच लागते, त्यांना कसलीच सबब नाही. आणि ताई, ऑर्डरचं मी सिरीयसली विचारतोय, पूर्ण जोड नाही परवडणार पण एका अवताराची बारा पानं कुणी करून देतं का?

चितारआळीची_सून

विचारून सांगते. मेसेज करा. कुठला अवतार?

घाटावरचा_भटक्या (कोल्हापूर)

वराह 😅

लॅपटॉपवाला_ठाणे

बरं, वाद पुरे. मे मध्ये येतोय, दोन पोरं आणि आईबाबा. सुरमई खाणार म्हणजे खाणारच, सॉरी रापणकर काका, पण एक वेळ तिखलं मागतो. पिंगुळी संध्याकाळी उन्हं उतरली की, आईला दुपारचं ऊन झेपत नाही. होमस्टे दादा, एसी आहे का?

देवबागचो_होमस्टे

एसी असा. लाइट असली तर. तिखला खावचा तर आदल्या राती सांगा, बांगडे सकाळी रापणीवरसून आणूक व्हये. आणि पिंगुळीक जावच्या आधी फोन करून जावा, गेल्या गेल्या खेळ लागाक तो काय टीव्ही नाय.