गाडीचा मागचा ब्रेक ड्रम तापतोय? आधी हँडब्रेकची केबल बघा
नवे ब्रेक शू (ड्रमला आतून घासून चाक थांबवणारे) टाकूनही मागचं एकच चाक जड फिरतंय म्हणता, तर व्हील सिलिंडर (ब्रेक ऑइलच्या दाबाने शू ढकलणारा भाग) बदलायची घाई नको. पुढच्या चाकांना ठोकळे लावून मागचं चाक उचला, गाडी स्टँडवर ठेवा, हँडब्रेक सोडा. केबल सैल करताच चाक मोकळं झालं तर केबलच आत गंजून अडकतेय. तरीही जाम? ब्लीडर निपल (व्हील सिलिंडरवरचा ऑइल सोडायचा छोटा स्क्रू) किंचित उघडा. ऑइल दाबाने उडून चाक सुटलं तर होज (ऑइलची रबरी नळी) आतून बुजलाय. नाहीच सुटलं तर ड्रम काढून बॅकिंग प्लेट (शू ज्यावर बसतात तो मागचा पत्रा) नीट बघा. शूची कड जिथे घासते तिथे खाच पडते आणि शू तिच्यातच अडकून राहतो, मागे येत नाही. ही जागा बघायची हमखास राहून जाते. आणि हो, आतली धूळ हवा मारून उडवू नका, छातीला वाईट. ओल्या फडक्याने पुसा.