खोली ‘आत्ताच गेली’: आडनावानं गेली का खरंच? (लातूर)

मांजराकाठ:
जून लागला की क्लासला आलेली लेकरं लातूरात खोल्या हुडकत फिरतात. तोंडावर जात कुणी काढत नाही. “आडनाव काय?” आणि मग “आत्ताच गेली बघा.” हे ओळखायचं कसं? पालकांना सांगता येईल असं काही हवंय.

गंजगोलाई:
एका प्रश्नावर जाऊ नका, प्रश्नांची रांग बघा. पवार, जाधव, गायकवाड ही आडनावं बऱ्याच जातींत आहेत, त्यामुळं मालकाचं तेवढ्यावर भागत नाही. मग “गाव कोणतं?” मग “घर मारुतीच्या देवळाकडं का समाजमंदिराकडं?” तरी उलगडलं नाही तर “पाव्हणे कुठले तुमचे?” भाडं, डिपॉझिट, नळाची वेळ यातलं काहीच न निघता बोलणं सोयऱ्यांवर आलं, तर समजून घ्या. (लातूरात पाण्याचं न बोलता खोली दाखवणारा मालक म्हणजे नवलच.)

खात्री करायची तर दोघांनी फोन करा. मुलं तेवढीच, क्लास तोच, भाड्याची तयारी तीच. फरक फक्त आडनावाचा. ज्याला नकार येईल असं वाटतं त्यानं आधी करायचा. “गेली” म्हटलं की अर्ध्या तासात दुसऱ्यानं. त्याला “या बघायला” म्हणाले तर पहिल्यानं पुन्हा. लोक हा क्रम उलटा करतात, मग मालक “मधल्या वेळात गेली” म्हणतो आणि ते खोटं पाडता येत नाही. तारीख, वेळ, शब्द जसेच्या तसे वहीत लिहा. “तुसडेपणानं बोलला” वगैरे नको.

तावरजा:
जरा जास्तच होतंय. पोलिसांना भाडेकरूची माहिती द्यावी लागते, नाव-गाव विचारणारच. आणि घरात मटण नको म्हणणं हा काय गुन्हा आहे?

गंजगोलाई:
पोलिसांच्या फॉर्मला आधारसारखं ओळखपत्र लागतं, पाव्हणे नाही. मटणाची अट पाटीवर असेल, सगळ्यांना सांगत असतील, तर ती अट. आडनाव ऐकल्यावर आठवली तर निमित्त. “आम्ही खातच नाही” म्हणून बघा, खोली मिळते का.

कोर्टरोड:
सगळे आधी अ‍ॅट्रॉसिटीचं विचारतात. जातीवाचक शिवीगाळीच्या कलमाला लोकांच्या देखत बोललेलं लागतं. गोड नकार त्यात बसत नाही. १९५५ चा नागरी हक्क संरक्षण कायदा बघा. अस्पृश्यतेच्या कारणावरून कुठल्याही वस्तीत राहायला आडकाठी करणं कलम ४ मध्ये येतं. कलम १२ त्याहून कामाचं: गुन्हा अनुसूचित जातीच्या व्यक्तीबाबत घडला असेल तर तो अस्पृश्यतेपोटीच घडला असं कोर्ट गृहीत धरतं, उलटं सिद्ध करायचं आरोपीनं. पण नाकारलं हे आधी दाखवावं लागतं, तिथं वरची वही. शिक्षा १ ते ६ महिने, दंड १०० ते ५०० रुपये. दंडाचा आकडा वाचून हसू येतं. मुस्लिम मुलाला खोली नाकारली तर मात्र हे दोन्ही कायदे कामाचे नाहीत.

मांजराकाठ:
आणि मेस? सगळ्यांना स्टीलचं ताट, एकालाच कागदी.

कोर्टरोड:
खानावळ सगळ्यांना खुली असेल तर तेही कलम ४, त्यात भांड्यांचा वेगळा उल्लेख आहे. ताटं कमी पडली असतील तर कागदी रोज वेगवेगळ्यांच्या वाट्याला येईल. चार दिवस दोन्ही वेळा कुणाला कोणतं आलं ते लिहा.