मदत हवी आहे: भाड्याच्या खोलीत काहीच टिकत नाही, घरासारखं कसं करू?

पंचगंगेकाठची | २८ नोव्हेंबर, रात्री १०.१२

नमस्कार. तीन आठवडे खटाटोप करतेय, माझं डोकं फिरायची वेळ आली आहे. खोलीला काहीही लावायला गेलं की निघून येतं. खिळा ठोकला तर दोन दिवसांत ढिला होऊन पडतो. दोन्ही बाजूंनी चिकटणारी पट्टी लावली, ती भिंतीचा पापुद्रा घेऊन खाली आली. ऑनलाइन हूक मागवले होते, तेही पडले. पडदा लावायचा आहे, चार चित्रं लावायची आहेत आणि एक फळी हवी आहे. बस, एवढंच. ही खोली घरासारखी वाटली पाहिजे आणि माझ्याकडे जेमतेम वीस दिवस आहेत. "सवय होईल" असं कृपया कुणी लिहू नका. नेमकं काय करायचं तेवढं सांगा.

रानवाटा | २८ नोव्हेंबर, रात्री १०.४०

भिंत कसली आहे? विटांची, मातीची की कुडाची? वर स्लॅब, टिन की कवेलू, म्हणजे कौलं? गाव कोणतं? घरमालकाची परवानगी आहे का? यातलं काहीच लिहिलेलं नाही, मग उपाय कसा सांगणार?

सायलीचा संसार | २८ नोव्हेंबर, रात्री ११.०५

मी हिंजवडीत भाड्याच्या फ्लॅटमध्ये आठ वर्षं काढली. माझा अनुभव सांगते, भिंतींच्या नादाला लागूच नका. पिवळसर उजेडाचे दोन दिवे, एक सतरंजी, रंगीत अभ्रे आणि खिडकीत मनीप्लांट एवढं केलंत की खोली बदलते. पांढरी ट्यूबलाइट आधी काढून टाका. माझी अर्धी उदासी त्या ट्यूबलाइटमुळे होती हे मला फार उशिरा कळलं.

निवृत्त गुरुजी | २९ नोव्हेंबर, पहाटे ५.३०

मी ३१ वर्षं जिल्हा परिषदेत शिक्षक होतो. पहिली नेमणूक सिरोंचा तालुक्यात. खोलीत एक कंदील, एक ट्रंक आणि रेडिओ. सजावटीचं नंतर पाहा, आधी झोपायचं पाहा. जमिनीवर झोपत असाल तर आजपासून बंद करा. बाज घ्या, मच्छरदाणी लावा आणि तिच्या कडा गादीखाली चारही बाजूंनी खोचा. मण्यार रात्री फिरतो, चावलेलं बऱ्याचदा कळतसुद्धा नाही, आणि जमिनीवर झोपलेल्या माणसालाच तो जास्त चावतो. थंडीत साप कमी असतात, तरी सवय आत्ताच लागू द्या. डासांमुळे हिवताप, तोही मच्छरदाणीनेच टळतो.

पंचगंगेकाठची | २९ नोव्हेंबर, सकाळी ७.१५

गुरुजी, बाज आणि मच्छरदाणी दोन्ही आहे, आभारी आहे. पण मी पडद्याचं विचारलं होतं.

रानवाटा, मला वाटलं हे लक्षात येईल. मी मूळची कोल्हापूरची. पवित्र पोर्टलवरून शिक्षिकेची नेमणूक मिळाली, चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातलं एक गाव. एक खोली आणि पुढे ओसरी. भिंती मातीच्या, चांगल्या हातभर जाड. वर कवेलू. खिडकी एकच, तीही लहान. मालक शेजारीच राहतात, माणसं चांगली आहेत, काही करायला नाही म्हणत नाहीत. पण त्यांना तरी किती वेळा विचारायचं? भिंतीला भोकं पाडून ठेवायची माझीच हिंमत होत नाही.

वऱ्हाडी माणूस | २९ नोव्हेंबर, सकाळी ९.०२

ताई, थो खिया गेला चुलीत. तुमी कोल्हापूरच्या, तुमाले आमच्या इकडचा उन्हाया मालूम नाई. मार्च लागला का कूलरचे भाव वाढते, आताच घेऊन ठेवा. लोखंडी बॉडीचा घ्या, प्लास्टिकचा कायले घेता? वाळ्याच्या ताट्या टाका, खोलीभर वास येते. कूलर नसन तं मे महिन्यात घर घर वाटतच नाई, भट्टी वाटते.

रानवाटा | २९ नोव्हेंबर, सकाळी ९.३०

एक खिडकी असलेल्या खोलीत कूलर आत ठेवला तर नुसता दमटपणा वाढतो. त्याला पाठीमागून कोरडी हवा लागते आणि समोरून हवा बाहेर जायला वाट लागते. शिवाय हातभर जाडीची मातीची भिंत आणि कवेलू असलेलं घर दुपारी तसंही टिनापेक्षा आणि स्लॅबपेक्षा थंड राहतं. माझा मुद्दा असा की आधी फुटलेले कवेलू बदलून घ्या. वानरं उड्या मारून फोडतात आणि पहिल्या पावसात पाणी थेट अंथरुणावर.

वऱ्हाडी माणूस | २९ नोव्हेंबर, सकाळी ९.४१

भाऊ, आमी अकोल्यात मातीच्याच घरात लहानाचे मोठे झालो. नवतप्यात, मे सरतानाच्या नऊ कडक दिवसात, राहून पाहा मंग सांगा. खिडकीच्या भाईर स्टँड ठोका, कूलर भाईर, हवा अंदर, दार उघडं. झालं.

पंचगंगेकाठची | २९ नोव्हेंबर, सकाळी ९.५०

आत्ता थंडी आहे हो! रात्री दोन गोधड्या लागतात. कूलरचं मार्चमध्ये बघते.

झाडीची लेक | २९ नोव्हेंबर, दुपारी १.२०

ताई, मी मूळची नागभीडकडची, आमचं घर असंच होतं. मातीच्या भिंतीत खिळा टिकतच नाही. मातीला पकड नसते, खिळा हलला की भोवतीची माती भुगा होऊन गळते. तुम्ही जितके मोठे खिळे ठोकाल तितकं भोक मोठं होईल. आमच्याकडे खुंटी बसवतात. चार बोटं खोल भोक करायचं, त्यात पाणी शिंपडायचं, लाकडाची खुंटी टोक थोडं वर ठेवून घालायची. भोवती माती, शेण आणि बारीक चिरलेलं धानाचं तणीस (पेंढा) मळून गच्च भरायचं. चार दिवस हात लावायचा नाही. वाळली की दप्तर, पिशवी, कपडे सगळं पेलते.

जड काही असेल तर भिंतीवर भार टाकू नका. वर मयाल, म्हणजे छताची आडवी तुळई आहे ना, त्याला दोर बांधून फळी झोक्यासारखी टांगा, उंदरांपासूनही वाचते. पडद्यासाठी खिडकीच्या चौकटीला, म्हणजे लाकडात, दोन खिळे आणि मधे सुतळी. कवेलूतून माती पडत असेल तर फाट्यांच्या, म्हणजे कवेलूखालच्या लाकडांच्या, खाली जुन्या लुगड्याचं छत ताणून बांधा. खोली ठेंगणी होते, पण डोक्यावर काहीतरी आहे असं वाटते.

एक विचारू जी? वीस दिवसांत काय आहे? कोण येऊन राहिलं?

सायलीचा संसार | २९ नोव्हेंबर, दुपारी २.००

हो, मलाही तेच विचारायचं होतं. आणि तुम्ही एकट्याच आहात का?

पंचगंगेकाठची | २९ नोव्हेंबर, रात्री ९.४५

झाडीची लेक, तुमचं वाचून पहिल्यांदा बरं वाटलं.

माझा मुलगा येतोय. साडेचार वर्षांचा आहे. मी रुजू झाले तेव्हापासून सासूबाईंकडे आहे. नवऱ्याची नोकरी शिरोलीच्या कारखान्यात, त्यांना सोडता येत नाही. नवरात्रात सासरे त्याला चार दिवस इथे घेऊन आले होते. चारही दिवस त्याने बूट काढू दिले नाहीत. जेवताना पायात, अंथरुणावर पायात. रात्री झोप लागली की मी हळूच काढायचे, तर पहाटे उठून आधी बूट शोधायचा. दुसऱ्या रात्री दाराच्या कडीला हात लावून उभा राहिला आणि म्हणाला, "आई, झालं ना तुझं काम? आता घरी जाऊ." मी रडले नाही, पण त्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही.

१८ तारखेला सासरे त्याला कायमचा घेऊन येतायत. म्हणून विचारतेय. मला खोली सुंदर नकोय. त्याने बूट काढावेत, एवढंच हवंय.

व्यवहारी | २९ नोव्हेंबर, रात्री १०.१०

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. साडेचार वर्षांच्या मुलाला आजी-आजोबांपासून तोडून अनोळखी गावात आणायची गरज काय? उन्हाळ्याच्या सुट्टीत तुम्हीच जा. बदली होईपर्यंत त्याला तिकडेच राहू द्या.

सायलीचा संसार | २९ नोव्हेंबर, रात्री १०.१८

त्यांनी आणू का नको हे विचारलेलं नाही. बदली कधी होईल ते कुणाच्या हातात आहे? मुलाने आईशिवाय किती वर्षं काढायची?

निवृत्त गुरुजी | ३० नोव्हेंबर, पहाटे ५.१५

माझी मुलगी अडीच वर्षांची असताना पत्नी तिला घेऊन माझ्याकडे आली. मुलगी आठवडाभर रडली. आम्ही खोलीत गावाकडच्यासारखं सगळं मांडलं होतं, तरी रडली. थांबली ती शेजारच्या घरच्या शेळीला करडू झालं तेव्हा. माझं सांगणं एवढंच की खोलीची तयारी करा, पण पोराला दिवसभर आत बसवू नका. अंगणवाडीत पहिल्याच दिवशी नेऊन बसवा. आणि अंधार पडल्यावर अंगणात एकटं सोडू नका. ताडोब्याच्या आसपासचं गाव आहे, तिथली माणसं जसं वागतात तसंच वागा. अंगणात एक दिवा रात्रभर राहू द्या.

झाडीची लेक | ३० नोव्हेंबर, सकाळी ११.३०

ताई, गुरुजींचं बरोबर आहे. आणि एक सांगू? सगळी भिंत तुम्ही आधीच सारवून ठेवू नका. मालकीणबाईंना सांगून सगळं सारवून घ्या, एक हातभर जागा त्याच्यासाठी सोडा. तो आला की माती भिजवा आणि त्याला सारवू द्या. हात बरबटू द्या. एक खुंटी त्याच्या खांद्याएवढ्या उंचीवर बसवा, ती त्याची. तुमच्या खुंट्या वर.

तिकडून त्याची पांघरायची गोधडी मागवा आणि धुऊ नका म्हणा, आजीचा वास राहू द्या. सपरीत, म्हणजे ओसरीत, त्याला रोजचं एखादं काम द्या. मालकांकडे कोंबड्या आहेत का?

आणि पुढच्या वर्षी पोळ्यानंतर तान्हा पोळा बघाच. पोरं लाकडी बैल सजवून घरोघरी नेतात. तुमच्याकडे नसतो हा. सुताराला आत्ताच सांगून ठेवलं तर बैल चांगला मिळते.

सावजी रस्सा | ३० नोव्हेंबर, दुपारी १२.१५

जेवणाचं कुणी बोललं नाही. मूल तांदळावर अडतं, हे पक्कं. कोल्हापूरच्या पोराला इंद्रायणीचा चिकट भात लागतो. तुमच्या भागात एचएमटी मिळतो, बारीक आणि मोकळा. हा वाण तुमच्या शेजारच्याच नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी काढला. १९८३ मध्ये पटेल-३ धानाच्या बांधीत त्यांना वेगळ्या लोंब्या दिसल्या, त्या त्यांनी निवडून जपल्या. एचएमटी घड्याळाच्या नावावरून वाणाचं नाव पडलं. पोराला पाणी जरा जास्त घालून गुरगुट्या करून द्या, वरून तूप-मेतकूट.

पंचगंगेकाठची | ३० नोव्हेंबर, दुपारी १.०५

तांदूळ तोच आणते, नाव माहीत होतं, माणूस माहीत नव्हता. वर्गात मुलांना सांगेन. भाजीचं मात्र हळूहळू कळतंय. पहिल्या आठवड्यात मालकीणकाकूंनी "सांबार आहे का घरात?" विचारलं, मी म्हटलं मी इडली केलेली नाही. त्यांना कोथिंबीर हवी होती.

कोंबड्या आहेत, सात.

रंगकर्मी वडसा | ३० नोव्हेंबर, सायंकाळी ६.४०

ताई, दिवाळीनंतरचा हा हंगाम म्हणजे झाडीपट्टीच्या, आपल्या या पूर्व विदर्भाच्या, नाटकांचा. गावोगाव शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती, मंडई म्हणजे गावची जत्रा आणि रात्रभर नाटक. आमच्या वडशात नाट्यमंडळांची कार्यालयं रांगेने आहेत. रात्री सुरू झालेलं नाटक पहाटेपर्यंत चालतं, अख्खं गाव गोधड्या घेऊन बसतं. गावातलं एक नाटक बघाच. एका रात्रीत शंभर घरांची ओळख होते.

व्यवहारी | ३० नोव्हेंबर, सायंकाळी ७.००

साडेचार वर्षांच्या मुलाला डिसेंबरच्या थंडीत रात्रभर?

रंगकर्मी वडसा | ३० नोव्हेंबर, सायंकाळी ७.०८

आम्ही सगळे तसेच मोठे झालो. मांडीवर झोपतात पोरं.

पंचगंगेकाठची | १४ डिसेंबर, रात्री ९.२०

एवढं झालंय. काकांनी सहा खुंट्या बसवल्या, पाच वर आणि एक खाली. खालची पहिल्यांदा जरा तिरकी बसली होती, ती त्यांनी स्वतःहून काढून परत बसवली. माझ्या जुन्या दोन साड्यांचं छत बांधलंय. मयालाला फळी टांगली. काकूंनी भिंत सारवून दिली आणि चुलीजवळचा कोपरा सोडलाय. पडद्याची सुतळी झाली. सायली, ट्यूबलाइट काढली नाही, पण झोपायच्या वेळेला छोटा पिवळा दिवा लावते, खरंच फरक पडला.

आता एक तातडीचं. ते महाराष्ट्र एक्सप्रेसने नागपूरला १८ तारखेला दुपारनंतर उतरतील. पुढे बसने त्याच दिवशी यावं का?

रानवाटा | १४ डिसेंबर, रात्री ९.४४

नको. उमरेड, भिवापूर, नागभीड करत सिंदेवाहीला पोचेपर्यंत रात्र होईल, आणि पुढे तुमच्या गावाला काय मिळणार? गाडीला उशीर झाला तर आणखी पंचाईत. नागपुरात मुक्काम, सकाळची बस. मुलाने गाव पहिल्यांदा उजेडात बघू दे.

पंचगंगेकाठची | २२ डिसेंबर, रात्री ८.५०

१९ ला दुपारी आले. नागपुरात राहिले हे बरं झालं.

पहिल्या दिवशी पाल बघून रडला. कोपरा सारवायला आधी तयार नव्हता, मग काकूंची नात बसली तेव्हा बसला. दोघांनी मिळून कोपरा सोडून माझी पायरीही सारवली. दप्तर त्याच्या खुंटीला असतं, दुसरं कुणी तिथे काही अडकवलं तर काढून टाकतो. बूट अजून रात्री मच्छरदाणीच्या आत उशाशीच असतात. पण काल आणि आज सकाळी काकांनी कोंबड्यांची खुराडी उघडली तेव्हा तसाच अनवाणी पळत गेला, आणि मी बूट घेऊन मागे गेले तर म्हणाला, "थांब, मोजतोय."

उद्या सासरे परत जातायत. त्याची धाकधूक आहेच.

आणखी एक अडचण, तांदळाच्या डब्यामागे रात्री उंदराची खुडबुड असते. तो घाबरून उठतो. औषध ठेवायचं नाही, कोंबड्या आहेत आणि पोरगं आहे. काय करू?

निवृत्त गुरुजी | २३ डिसेंबर, पहाटे ५.२०

औषध नकोच. उंदरामागे साप येतो, म्हणून हे आजच करा. डबा भिंतीपासून वीतभर पुढे ओढा म्हणजे मागे आडोसा राहणार नाही. बीळ शोधा, त्यात फुटक्या कवेलूचे तुकडे ठोकून बसवा आणि वरून शेणमाती लिंपा. नुसती माती लिंपली तर रात्रीत पोखरतो. पत्र्याचा सापळा आठवडी बाजारात मिळेल, त्यात भाकरीचा तुकडा तेल लावून ठेवा. सासऱ्यांना निरोप द्यायला मुलाला बसस्टँडवर न्या, झोपेत असताना त्यांना जाऊ देऊ नका.