काळा सरदार आणि खोटी चित्रं

कुणीतरी लिहिलंय की स्कूबी डू या कार्टून मालिकेच्या पहिल्या भागात भीती अशी काही नाहीच, भूत शेवटी माणूसच निघतं. मला तर उलट वाटतं. १३ सप्टेंबर १९६९ ला दाखवलेल्या त्या भागाची सुरुवात आठवा: पौर्णिमेची रात्र, आडरस्त्याला उभा एक ट्रक, आणि चालकाच्या जागी चिलखत घातलेला काळा सरदार. आत कुणीच नाही, नुसतं चिलखत! इंग्लंडहून ते संग्रहालयासाठी घेऊन आलेले प्राध्यापक गायब. लहानपणी मी कार्टून नेटवर्कवर हे उशीच्या आडून बघायचे. (तो मधेमधे वाजणारा हशा नसता तर आणखी टरकले असते.)

पण मला खरी आवडते ती उकल. संग्रहालयाच्या भिंतीवरचं एक चित्र नाहीसं होतं, मग परत जागेवर दिसतं, जमिनीवर रंगाचे डाग, आणि तो विचित्र चष्मा, जो पुरातत्त्वातले लोक वापरतात. म्हणजे सगळे धागे आपल्यासमोर मांडलेले. संग्रहालयाचा प्रमुख विकल्स खरी चित्रं लांबवून तिथे नकला टांगत होता, आणि त्या नकला ओळखू शकणारा माणूस म्हणजे हे प्राध्यापक. म्हणून त्यांना पळवलं आणि पौर्णिमेला जिवंत होणाऱ्या सरदाराची दंतकथा कामाला लावली.

विकल्सवर संशय लगेच येतो, हे मात्र मान्य. अहो, पण संशय घ्यायला त्या भागात दुसरं आहेच कोण?