बेळगाव-खानापूर भागात राहून लर्निंग डिझाइन आणि शैक्षणिक सल्लागाराचे काम करता येईल का?

प्रश्न – खानापूर तालुक्यातील एक शिक्षिका

नमस्कार. मी खानापूर तालुक्यातील एका अनुदानित मराठी माध्यमाच्या हायस्कुलात गणित आणि विज्ञान शिकवते. शिक्षण बी.एस्सी., बी.एड. वर्गात शिकवणे मला मनापासून आवडते. परंतु एखादा घटक कोणत्या क्रमाने मांडला, मध्ये कोणती कृती घातली आणि प्रश्न कसा विचारला म्हणजे तो मुलांच्या पचनी पडतो, याचा विचार करण्यात अलीकडे माझे मन अधिक रमते. माझ्या कार्यपत्रिका आसपासच्या शाळांतील शिक्षक मागून नेतात, आणि त्या वापरताना मुले कुठे अडली हे त्यांच्याकडून ऐकून मी त्यांत बदल करत असते. या कामाला लर्निंग डिझाइन म्हणतात आणि त्यात पूर्णवेळ व्यवसाय करता येतो, असे कळले तेव्हापासून तो विचार मनातून जात नाही.

घरची शेती आणि वयस्कर सासूसासरे यांमुळे बेंगळूरु किंवा पुण्यास जाऊन राहणे मला शक्य नाही. बेळगाव परिसरात राहून असे काम मिळते का? जाहिरातींत दिसणारे अभ्यासक्रम मुख्यतः सॉफ्टवेअर शिकवतात. ते आधी शिकावे का? माझे शालेय शिक्षण मराठीतून झाले आहे. इंग्रजी वाचता-लिहिता येते, बोलताना मात्र अडखळायला होते. जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

उत्तर १ – टिळकवाडी, बेळगाव. पुण्यातील कंपनीसाठी घरून काम करणारा लर्निंग डिझायनर

मॅडम, आपण आज जे करता आहात तोच या व्यवसायाचा गाभा आहे. स्टोरीलाइन, मूडल, एचफाइव्हपी ही ऑनलाइन पाठ बनवण्याची साधने थोड्या सरावाने हाताला बसतात, आणि त्यांपैकी मूडल व एचफाइव्हपी मुक्त स्रोत असल्यामुळे ती शिकण्यासाठी कोणाला शुल्क देण्याची गरज नाही. शिकणारा नेमका कुठे अडतो हे ओळखणारी नजर मात्र वर्गात वर्षे काढल्याशिवाय येत नाही. आमच्याकडे अर्ज करणाऱ्या अनेकांना पडद्यावर सुंदर स्लाइड रचता येते, पण ती कोणती अडचण सोडवण्यासाठी आहे, हे सांगता येत नाही.

आपल्याच विषयातले उदाहरण घेतो. क्षेत्रफळाचे सूत्र आठवीच्या मुलाला पाठ असते, तरीही कुंपणाला किती तार लागेल असे विचारले की ते मूल लांबी-रुंदीचा गुणाकार करून मोकळे होते. नेहमीचा पाठ सूत्रापासून सुरू होतो आणि सरावाच्या उदाहरणांवर संपतो. रचना करणारा शेवटाकडून विचार करतो: विद्यार्थ्याने काय करून दाखवले म्हणजे त्याला क्षेत्रफळ आणि परिमिती यांतला फरक कळला, असे मी मानेन? हे ठरले की सुरुवात शोधायची. आपल्या भागातील शेतकऱ्याच्या मुलांना गुंठा ऐकून-पाहून ठाऊक असतो. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, अर्थात ३३ फूट बाजूचा चौरस, आणि त्याचे कुंपण १३२ फूट. आता तेवढीच जमीन रस्त्याकडेला ११ फूट रुंद आणि ९९ फूट लांब अशा पट्ट्यात मिळाली, तर तार किती लागेल? येथे आकडेमोड करू न देता आधी प्रत्येकाकडून अंदाज लिहून घ्यायचा. जमीन तेवढीच, म्हणून तारही तेवढीच, असे बरीच मुले लिहितात. मग मोजायचे, तर उत्तर येते २२० फूट. हे ८८ फूट कुठून वाढले, यावर मुलांना आपसांत वाद घालू द्यावा, कारण तो वाद हाच पाठाचा मुख्य भाग आहे. सूत्र फळ्यावर त्यानंतर यावे. शेवटी कोणतीही आकृती न देता, एका गुंठ्याचाच आणखी वेगळा तुकडा आखून त्याचे कुंपण काढण्यास सांगावे. जे मूल ९ बाय १२१ असा तुकडा स्वतः शोधून २६० फूट सांगते, त्याला फरक कळला, हे वेगळ्या परीक्षेवाचून समजते.

शेवट आधी ठरवून मागे येण्याच्या या पद्धतीचा पाया अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ राल्फ टायलर यांनी १९४९ मध्ये घातला, आणि ग्रँट विगिन्स व जे मॅकटाय यांनी १९९० च्या दशकात ती शिक्षकांपर्यंत नेली. मुलाखतीत ‘ॲडी’ या प्रारूपाविषयी हमखास विचारतात: विश्लेषण, रचना, निर्मिती, अंमलबजावणी आणि मूल्यमापन. तसेच डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये मांडलेल्या मूल्यमापनाच्या चार पायऱ्या, म्हणजे शिकणाऱ्याची प्रतिक्रिया, त्याचे शिकणे, वर्तनातील बदल आणि अंतिम परिणाम, अवश्य समजून घ्याव्यात, कारण बहुतेक प्रशिक्षणांचे मोजमाप पहिल्याच पायरीवर थांबते.

इंग्रजीबद्दल स्पष्ट लिहितो. कंपन्यांतील काम इंग्रजीत चालते, पण त्यात लेखनाचा वाटा मोठा असतो आणि तेथे साधी, निःसंदिग्ध वाक्ये लागतात. बोलणे बैठकांतून सुधारत जाते.

उत्तर २ – चिक्कोडी. पूर्वी सीआरपी (शाळा-समूहाचे साधनव्यक्ती) म्हणून काम केलेले शिक्षक

वरील सरांनी खाजगी क्षेत्राविषयी लिहिले आहे. मी सरकारी शाळांच्या बाजूने लिहितो. आपल्या राज्याला या कामाची मोठी परंपरा आहे. नली-कली, म्हणजे आनंदाने शिकणे, ही पद्धत १९९५ मध्ये म्हैसूर जिल्ह्यातील एच. डी. कोटे तालुक्यात युनिसेफच्या साहाय्याने सुरू झाली. आंध्रातील ऋषी व्हॅलीच्या बहुवर्ग शाळांमधील कृतींची कार्डे आणि त्यांचा क्रम दाखवणारी शिडी यांवरून तेथील शिक्षकांनी ती उभी केली, आणि पुढे ती राज्यभर पहिली ते तिसरीच्या वर्गांत गेली. एकाच खोलीत वेगवेगळ्या इयत्तांची मुले आपापल्या पायरीवर शिकतात, हे ज्याला पाहायचे असेल त्याने जवळच्या प्राथमिक शाळेत परवानगी घेऊन एक सकाळ बसावे. पाठाची रचना खोलीतल्या परिस्थितीतून कशी ठरते, हे तेथे जसे दिसते तसे मला कोणत्याही पुस्तकात दिसले नाही.

सीमाभागात सल्लागार म्हणून काम करायचे असेल, तर दोन गोष्टी सांभाळाव्या लागतील. आपल्या मराठी शाळांत कर्नाटक पाठ्यपुस्तक मंडळाची पुस्तके चालतात आणि दहावीला एसएसएलसी ही राज्याची शालान्त परीक्षा असते. पलीकडे कोल्हापूरच्या शाळांसाठी बालभारतीच्या क्रमाने तयार झालेले साहित्य चांगले असले, तरी ते जसेच्या तसे आणून दिले तर आमच्या शिक्षकाला वर्षाच्या नियोजनात बसवता येत नाही, आणि मग ते कपाटात पडून राहते. म्हणून प्रत्येक कृती आपल्या पाठ्यपुस्तकाच्या कोणत्या घटकाशी जोडली आहे, हे लिहून द्यावे. दुसरे म्हणजे खात्याची परिपत्रके आणि बहुतेक प्रशिक्षणे कन्नडमधून होतात. डाएटमध्ये (जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेत) किंवा बीईओ, म्हणजे तालुक्याच्या शिक्षणाधिकाऱ्यांच्या, कार्यालयात जाऊन आपले म्हणणे मांडण्याइतके कन्नड येत असेल, तर मराठी शाळांची अडचण तेथवर नेणारी व्यक्ती म्हणून आपली गरज सर्वांनाच भासेल. असे लोक फार थोडे आहेत, आणि त्याची झळ मराठी शाळांतील मुलांना बसते, हे मी वर्षानुवर्षे पाहिले आहे.

आपण अनुदानित शाळेत आहात. मोबदला घेऊन बाहेरचे काम स्वीकारण्याआधी संस्थेची आणि खात्याची लेखी परवानगी लागते का, हे सेवानियमांत पाहून घ्या.

उत्तर ३ – बेळगाव. शाळा आणि कारखाने यांच्यासाठी स्वतंत्रपणे काम करणारी सल्लागार

ताई, शाळांइतकेच काम आपल्याला बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत मिळू शकते. तेथील फाउंड्री (धातूचे ओतकाम) आणि मशीन शॉपमध्ये मराठी आणि कन्नड दोन्ही बोलणारे कामगार असतात, आणि प्रशिक्षणाचे साहित्य बहुधा इंग्रजीत येते.

सल्लागाराचे काम साहित्य बनवण्यापासून सुरू होत नाही, हे एका अनुभवावरून लिहिते. एका कारखान्यातील मापांच्या नोंदी वारंवार चुकत होत्या, म्हणून व्यवस्थापनाने कामगारांसाठी व्हर्नियर कॅलिपरचे प्रशिक्षण मागितले. मी प्रशिक्षण लिहिण्याआधी दोन पाळ्यांमध्ये मशीनशेजारी उभी राहिले. माप सगळेच अचूक घेत होते. नोंदीच्या तक्त्यातील रकान्यांचा क्रम मात्र प्रत्यक्ष मोजण्याच्या क्रमापेक्षा वेगळा होता, आणि शीर्षके इंग्रजी आद्याक्षरांत होती. त्यामुळे बरोबर आकडा चुकीच्या रकान्यात जात होता. तक्ता कामाच्या क्रमाने लावला, प्रत्येक मापाशेजारी सुट्या भागाचे छोटे चित्र आणि दोन्ही भाषांतील नाव घातले, आणि पाळी सुरू होताना सुपरवायझरने तो एकदा सर्वांसोबत भरून दाखवावा, एवढेच सुचवले. प्रशिक्षणाची गरज नाही असे सांगितल्याने त्या वेळचे मोठे काम हातचे गेले, परंतु पुढची कामे त्याच विश्वासावर मिळाली. माहितीचा अभाव, सरावाचा अभाव आणि कामाच्या जागेतील अडथळा या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि शिकवल्याने त्यांपैकी पहिल्या दोनच सुटतात.

व्यवहारात करार लेखी असावा. काय देणार, किती वेळा दुरुस्त्या करणार, मंजुरी कोण देणार आणि तयार साहित्यावर मालकी कोणाची राहणार, हे त्यात स्पष्ट लिहावे. काही रक्कम आगाऊ घ्यावी. बायकांनी घरून केलेल्या कामाचा मोबदला मागताना संकोच करू नये, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते.

प्रश्नकर्ती

आपणा सर्वांची मनापासून आभारी आहे. गुंठ्याचा पाठ या आठवड्यातच वर्गात घेणार आहे. दोन शंका उरतात: औपचारिक पदवी घ्यावी का, आणि कामाचे नमुने कोणत्या स्वरूपात दाखवावेत?

उत्तर १ – टिळकवाडी, बेळगाव

मॅडम, बेंगळूरुचे अझीम प्रेमजी विद्यापीठ, मुंबईची टाटा सामाजिक विज्ञान संस्था आणि एसएनडीटीचा शैक्षणिक तंत्रज्ञान विभाग ही या क्षेत्रातील भक्कम ठिकाणे आहेत, पण आपल्याला घर सोडणे शक्य नाही. अशा वेळी इग्नू या मुक्त विद्यापीठाची दूरशिक्षणातून होणारी एम.ए. (शिक्षणशास्त्र) पाहावी, आणि केंद्र सरकारच्या ‘स्वयम्’ या ऑनलाइन मंचावरील अभ्यासक्रम विनामूल्य ऐकता येतात, तेथून सुरुवात करावी. पदवीसाठी थांबून काम पुढे ढकलू नये.

नमुन्यांसाठी तीन-चार पाठ पुरेसे आहेत, मात्र प्रत्येकाची पूर्ण हकिगत द्यावी: मुले आधी काय लिहीत होती, आपण अडचण कोणती मानली, पहिला आराखडा कसा होता, वर्गात काय घडले आणि त्यानंतर काय बदलले. मुलांच्या वहीची पाने नावे झाकून आणि शाळेची परवानगी घेऊन जोडावीत. हकिगत मराठीत लिहा आणि तिचा एक पानाचा गोषवारा इंग्रजीत तयार करा. गुंठ्याचा पाठ घेतल्यावर ज्या मुलांनी अंदाज १३२ फूट लिहिला त्यांची कारणे त्यांच्याच शब्दांत टिपून येथे टाकलीत, तर पहिला नमुना कसा मांडावा, ते आपण सगळे मिळून पाहू.