हाय डायनॅमिक रेंज छायाचित्रे कमांड लाईनवरून कशी जतन करावीत?

प्रश्न (खानापूर):
नमस्कार. बेळगावच्या किल्ल्यातील १२०४ सालच्या कमल बस्तीची (जैन मंदिराची) वेगवेगळ्या एक्स्पोजरची, म्हणजे कमी-जास्त प्रकाश घेऊन टिपलेली, छायाचित्रे एकत्र करून मी रेडियन्स स्वरूपाची, म्हणजे डॉट एचडीआर (हाय डायनॅमिक रेंज, अतिगडद ते अतिउजळ भाग एकत्र राखणारी), फाईल तयार केली आहे. छतावरच्या दगडी कमळातला काळोख आणि दाराबाहेरचे ऊन दोन्ही तीत नीट उतरले आहे; मात्र पीएनजीत रूपांतर करताच उन्हाचा भाग सपाट पांढरा होतो. लिनक्सवर यावर उपाय काय?

उत्तर (निपाणी):
पीएनजीत पूर्णांकच साठतात, त्यामुळे पांढऱ्याच्या मर्यादेपलीकडची मूल्ये छाटली जातात. आपण ओपनईएक्सआर (डॉट ईएक्सआर) हे फाईल स्वरूप वापरावे. त्यात प्रत्येक रंगाला १६ बिटांची स्वतंत्र फ्लोटिंग पॉइंट (दशांश व घातांक असलेली) संख्या मिळते, तर रेडियन्समध्ये तिन्ही रंगांना मिळून एकच घातांक असतो. पीएफएसटूल्स या कमांडच्या संचातील ‘पीएफएसइन’ फाईल वाचते, ‘पीएफएसआउट’ लिहिते. मध्ये पाइपची उभी रेघ द्यावी, म्हणजे पहिल्या कमांडचे फलित दुसरीला मिळते. स्वरूप फाईलच्या एक्स्टेन्शनवरून ओळखले जाते.

उत्तर (बेळगाव):
सहमत. इमेजमॅजिक हे चित्र-रूपांतराचे सॉफ्टवेअर वापरणार असाल, तर आधी आवृत्तीच्या माहितीत ‘एचडीआरआय’ (मर्यादेपलीकडची मूल्ये राखण्याची सोय) हा शब्द आहे का ते अवश्य पाहावे. नसेल, तर तिथेही छाटणी होते. ईएक्सआर फाईलच्या कॉम्प्रेशनसाठी ‘पिझ’ ही पद्धत घ्यावी, कारण त्यात काहीच गमावत नाही. ‘बी४४’ मात्र मूल्यांत बदल करते. एवढ्या जुन्या वास्तूच्या नोंदीसाठी ते मला मुळीच योग्य वाटत नाही.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. मोबाईलवर पाठवण्यासाठी जेपीईजी हवी असल्यास?

उत्तर (निपाणी):
त्याच दोन कमांडच्या मध्ये ‘पीएफएसटीएमओ_मांटिउक०६’ ही टोन मॅपिंगची, म्हणजे उजेडाचा मोठा पल्ला साध्या पडद्याला मावेल असा आवळण्याची, कमांड घालावी. मूळ ईएक्सआर फाईल मात्र तशीच राखून ठेवावी.